मूठमाती

आमच्या गावची ख्रिस्ती दफनभूमी ओढ्याच्या कडेला आहे. अर्धा एकर माळ, दोन लिंबं आणि बाकी सगळी वेडी बाभळ. कुंपण नाही. पावसाळ्यात कमरेएवढं गवत होतं, उन्हाळ्यात शेळ्या शिरतात. पाच-सात कबरींवर सिमेंटचे क्रूस आहेत, बाकीच्यांच्या कडेनं नुसते दगड मांडलेले. माझे आईबाप तिथं आहेत, आजा-आजी आहेत, आणि 2014 पासून माझा थोरला भाऊ आहे. त्याला आम्ही दादा म्हणायचो.

ईस्टरच्या पहाटे आमची सगळी मंडळी तिथं जाते. अंधारातच निघायचं. बायांच्या हातात मेणबत्त्या, पोरांच्या हातात मिळतील ती फुलं, पुढं पाळकसाहेब. उजाडता उजाडता प्रभूच्या रिकाम्या कबरीची गोष्ट वाचायची, उपासना संगीतातलं एखादं गाणं म्हणायचं, प्रार्थना करायची. मग ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या कबरीपाशी जाऊन थोडा वेळ उभं राहायचं.

हा थोडा वेळच मला सगळ्यांत अवघड जायचा. डोळे मिटले की प्रश्न पडायचा, इथं उभं राहून मागायचं काय? आणि कुणासाठी?

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? आपलं माणूस आठवायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि घरी यायचं. बहुतेक लोक तेच करतात आणि त्यांचं काही चुकत नाही. पण माझ्या पोटात एक गोष्ट होती आणि ती असताना मला नुसतं उभं राहता येत नव्हतं.

आमचं घर मिशनचं. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, त्या मिशनच्या एका शाळामास्तराच्या हातून माझा पणजोबा ख्रिस्ती झाला. आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. पाळकसाहेब कबरीपाशी प्रार्थना करतात ती अशी, की या माणसाचं आयुष्य आम्हाला दिलंस म्हणून देवा तुझे आभार, मागं राहिलेल्यांना धीर दे, आणि पुनरुत्थानाच्या दिवशी आमची भेट होऊ दे. गेलेल्यासाठी म्हणून काही मागत नाहीत. मी एकदा विचारलं तर त्यांनी नीट समजावून सांगितलं. प्रभूबरोबर क्रूसावर जो चोर होता, त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. त्याच्यासाठी मागं कुणी काही केलं नव्हतं. माणूस गेला की तो देवाच्या हातात गेला. त्या हातात आपण आणखी काय घालणार?

माझी बायको हरेगावच्या बाजूची, कॅथलिक घरातली. तिच्या माहेरी दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस पाळतात. आधी आठ दिवस कबरींवरचं गवत काढायचं, दगडांना चुना द्यायचा, त्या दिवशी मिस्सा, मग कबरींवर मेणबत्त्या आणि फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. आणि तिथं प्रार्थना सरळसरळ गेलेल्यासाठीच असते, देवा याला विसावा दे म्हणून. सासरवाडीच्या फादरांनी मला त्याचंही कारण सांगितलं. त्यांच्या बायबलात मक्काबींचं पुस्तक आहे, ते आमच्या बायबलात नाही. त्यात यहूदा मक्काबी नावाच्या सरदाराची गोष्ट आहे. लढाईत पडलेल्या त्याच्या शिपायांच्या कपड्यांत मूर्तींचे ताईत सापडले. त्यानं त्यांना टाकून दिलं नाही. सगळ्या फौजेतून चांदीची वर्गणी काढली आणि त्यांच्या पापासाठी अर्पण करायला यरुशलेमला पाठवली. मेलेल्याला आपण अजून काही लागतो, असा त्याचा अर्थ फादरांनी केला. पुढं याच गोष्टीचा बाजार झाला, मेलेल्यांसाठी पैसे देऊन माफीचे कागद मिळायला लागले आणि 1517 साली मार्टिन ल्यूथर त्याविरुद्ध उभा राहिला, हे पाळकसाहेबांनी सांगितलं. दोघंही आपापल्या जागी शिकलेले आणि प्रामाणिक. मी दहावी शिकलेला शेतकरी, त्यांच्यात निवाडा करणारा मी कोण?

बायको मात्र ईस्टरला आमच्या मंडळीबरोबर येते आणि दादाच्या कबरीवर मेणबत्ती लावून खुशाल त्याच्यासाठी मागते. मी एकदा तिला म्हणालो, "तू मागतेस ते पोचतं का त्याला?"

ती म्हणाली, "पोचतं का न्हाई ते पोचवणारा बघंल. मी काय पोस्टमन हाय का?"

मी गप बसलो. पण माझी अडचण तिथं सुटणारी नव्हती. दादासाठी देवाकडं मागायचं की नाही, हा माझा प्रश्नच नव्हता. मला दादाकडंच मागायचं होतं.

आता ती गोष्ट सांगतो.

वडील गेल्यावर आम्हा भावांत चार एकराची वाटणी झाली, दोन-दोन एकर. विहीर एकच, ती दादाच्या तुकड्यात, पण सातबाऱ्यावर निम्मा-निम्मा हिस्सा. चार दिवस त्याची पाळी, चार दिवस माझी. गाव पाटाच्या टोकाला. भंडारदऱ्याचं पाणी वरच्या गावांना पुरून उरलं तर आमच्याकडं येणार, आणि पाट आला तर विहिरीला पाझर. 2004 च्या उन्हाळ्यात पाट आलाच नाही. विहीर रात्रभर पाझरायची आणि दीड तासात मोटर फुकं मारायला लागायची. माझा कांदा पोसायला आला होता. दादाची मोसंबीची साठ झाडं होती, तीन वर्षांची. त्यानं ती हंड्यानं पाणी घालून जगवलेली मी पाहिली होती.

मे महिन्यात वहिनींना दवाखान्यात ठेवावं लागलं. दादा नगरला गेला. त्याची पाळी सुरू झाली आणि त्याच्या घरी कुणी नव्हतं. पोरगं लहान, ते मामाकडं. मी चारही रात्री मोटर चालू केली आणि सगळं पाणी माझ्या कांद्याला घेतलं. पुढचे चार दिवस माझीच पाळी होती, तीही घेतली. मोसंबीला बारा-तेरा दिवस थेंब मिळाला नाही. दादा परत आला तेव्हा पानं गळाली होती. निम्म्याच्या वर झाडं जळाली.

त्यानं मला विचारलं, "पाणी घेतलंस का रं?"

मी म्हणालो, "विहिरीलाच न्हवतं, दादा."

एवढंच. भांडण नाही, मारामारी नाही, कोर्टकचेरी नाही. पण त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोलला नाही. कामापुरतं हो-नाही, तेही पोराच्या तोंडून. दर रविवारी आम्ही एकाच देवळात बसायचो, तो डाव्या बाजूला, मी उजव्या. एकाच प्रभुभोजनाची भाकर खायचो. दहा वर्षं. नैवेद्य घेऊन वेदीपाशी गेलास आणि तुझ्या भावाचं मन तुझ्याविषयी दुखलंय हे आठवलं, तर नैवेद्य तिथंच ठेव आणि आधी भावाकडं जा, असं प्रभूनं शिकवलं. त्यावर दहा वर्षांत चार तरी उपदेश मी ऐकले असतील. ऐकताना मान हलवायचो.

2014 च्या दिवाळीनंतर दादा झोपेतच गेला. सकाळी पुतण्या सांगत आला. खड्डा खणायला मी होतो, पेटी उतरवताना दोराचं एक टोक माझ्या हातात होतं, आणि सगळ्यांत आधी मूठभर माती मी टाकली. आपल्या भाषेत वादाला मूठमाती देणं म्हणतात. लोक सहज म्हणून जातात. मी भावाला मूठमाती दिली. वाद तसाच हातात राहिला.

पुढच्या ईस्टरला मी त्याच्या कबरीपाशी उभा राहिलो आणि डोळे मिटले. देवाकडं क्षमा मागितली. त्या आधीही मागितली होती, घरी, शेतात, रात्री जाग आली की. पाळकसाहेबांना मोघम काहीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, देव क्षमा करतो, विश्वास ठेव. माझा विश्वास होता, आजही आहे. पण देवाचं पाणी मी घेतलं नव्हतं. दादाचं घेतलं होतं.

मेलेल्यांशी बोलणं शास्त्रात मना आहे. शौल राजा रात्री वेष पालटून एन-दोरच्या बाईकडं गेला आणि मेलेल्या शमुवेलाला उठवायला लावलं, त्याचं पुढं काय झालं ते आम्ही रविवारच्या शाळेत शिकलो. तरी दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, एकदा दुपारी एकटाच जाऊन मी बोललो. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि म्हणालो, "दादा, पाणी मी घेतलं होतं. माझं चुकलं. माफ कर."

वाटलं होतं, ओझं उतरेल. थोडा रडलोही. बाभळीखाली शेळ्या चरत होत्या. घरी येऊन भाकर खाल्ली आणि रात्री परत तेच.

का उतरलं नाही, हे समजायला मला फार दिवस लागले. माझ्या मते त्याचं कारण असं. कबर नाही म्हणू शकत नाही. दादा जिवंत असता तर तो म्हणू शकला असता, "चल हो, थोबाड दाखवू नको." माफ करणं न करणं त्याच्या हातात असतं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून घेतलेली माफी म्हणजे पुन्हा चोरीच. मालक घरी नाही हे बघून मी पुन्हा मोटर चालू केली होती.

माझा बांधाशेजारचा एक दोस्त आहे, हिंदू. दादाच्या मातीला तो आला होता, त्यानंही मूठभर माती टाकली होती. एकदा बांधावर बसलो असताना तो म्हणाला, "आमच्यात दहाव्याला कावळा शिवला की कळतं, माणसाची इच्छा राहिली का नाही. तुमच्यात कसं कळतं?" मी म्हणालो, आमच्यात तसं काही नाही. पण त्याच्या घरच्या दहाव्याला मी गेलो होतो ते मला आठवलं. कावळा शिवेना. माणसं नदीकाठी ताटकळली. मग त्याचा धाकटा भाऊ पुढं झाला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "काका, तुमच्या पोरीचं लग्न मी करून देईन." थोड्या वेळानं कावळा आला. कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण पन्नास माणसांनी ते वाक्य ऐकलं होतं, आणि दोन वर्षांनी त्यानं ते लग्न करून दिलं. तिथं मेलेल्याला दिलेला शब्द जिवंतांच्या कानावर पडला होता. मी माझं वाक्य शेळ्यांना ऐकवलं होतं.

प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत मधे एक ओळ ऋणाची आहे. लहानपणापासून म्हणतोय, पण ती शेतकऱ्याच्या कानानं कधी ऐकली नव्हती. आपण सोसायटीचं कर्ज काढतो. कर्जदार मेला तर कर्ज बुडत नाही, वारसाच्या नावावर चढतं. तसंच घेणेकरी मेला म्हणून देणं फिटत नाही, ते त्याच्या वारसाला लागतं. हे गावच्या तलाठ्याला कळतं, मला कळायला पंधरा वर्षं लागली. दादा गेला तरी वहिनी होत्या. पुतण्या होता. मी देणं द्यायला दफनभूमीत जात होतो आणि देणेकऱ्याचं घर माझ्या घरापासून दोनशे पावलांवर होतं.

बायबलात कबरीची पहिली मोठी गोष्ट अब्राहामाची आहे. सारा गेली तेव्हा त्याच्या मालकीची हातभर जमीन त्या देशात नव्हती. त्यानं एफ्रोन हित्तीकडून चारशे शेकेल चांदी तोलून देऊन मकपेलाचं शेत घेतलं, त्यातली गुहा, आतली झाडं, चतुःसीमेसकट, गावच्या वेशीत सगळ्यांसमोर. एफ्रोन फुकट देतो म्हणत होता, तरी त्यानं पैसे मोजले. वचनाच्या देशातला त्याचा पहिला सातबारा म्हणजे बायकोची कबर. पुढं अब्राहाम मेला तेव्हा त्याला त्याच गुहेत कुणी पुरलं? इसहाक आणि इश्माएल, दोघांनी मिळून. हा इश्माएल म्हणजे ज्याला आईसकट पाण्याची एक मसक देऊन घराबाहेर काढलं होतं तो. रानात ते पाणी संपलं आणि पोरगं मरायला टेकलं होतं. म्हणजे तिथंही भावाभावांत पाण्याचा हिशोब होताच. पुढं इसहाकाला पुरायलाही एसाव आणि याकोब दोघं आले. ते कबरीपाशी काय बोलले, काय प्रार्थना केली, त्याबद्दल शास्त्रात एक अक्षर नाही. दोघं मिळून आले, एवढंच लिहिलंय. मला वाटतं, कबरीपाशी करायच्या प्रार्थनेबद्दल मला जे पाहिजे होतं ते तेवढ्यात होतं. पण माझा इश्माएल आधीच मातीत होता.

2019 च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी मी वहिनींकडं गेलो. त्या ओट्यावर बाजरी निवडत होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, चार रात्री, मोटर, कांदा, खोटं बोललो ते. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "त्यांना ठाव होतं, भाऊजी. आल्या आल्या त्यांनी तुमची चारी बघितली. ओली होती."

मी म्हणालो, "मग दादा बोलला का न्हाई?"

"वाट बघत होते. म्हणायचे, येईल, सांगंल. दहा वर्सं म्हणत होते."

मला काही बोलता येईना. शेवटी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा."

त्या म्हणाल्या, "त्यांचं मी कसं सांगू? आणि माझं म्हणाल तर ती झाडं मी बी जगवली होती. आता एकदम कसं म्हणू? बघू."

मी पुतण्याला म्हणालो, या उन्हाळ्यात माझी पाळी तू घे. तो हसला. म्हणाला, "काका, आता शेततळं झालंय, मला विहिरीचं पाणी लागतच न्हाई. तुम्हीच घ्या." जे चोरलं होतं तेही परत करायची सोय राहिली नव्हती. प्रभू स्वतःहून जक्कय जकातदाराच्या घरी उतरला, आणि जक्कय ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. त्याचं नशीब चांगलं, त्याचे घेणेकरी जिवंत होते आणि पैसा चालत होता. उशीर झाला की देणं राहतं, पण ज्या नाण्यात द्यायचं ते नाणंच बाद होतं. तरुण वाचकांनी माझं बाकी काही ऐकू नये, पण एवढं ऐकावं.

मी उठून निघालो तर वहिनी म्हणाल्या, "उद्या पहाटं कबरीवर जायचं. दगडांना चुना द्यायचा राहिलाय. बादली तुम्ही आणा."

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आम्ही तिघं गेलो. पुतण्यानं गवत काढलं, मी आणि वहिनींनी चुना दिला. आमच्यात चुना द्यायची तशी रीत नाही, बायकोकडून वहिनींनी घेतली. आणि पहाटे मंडळी आली, गाणं झालं, पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, तेव्हा मी दादाच्या कबरीपाशी उभा राहून मोठ्यानं प्रार्थना केली. लहानच होती. देवा, माझ्या भावाच्या पाळीचं पाणी मी घेतलं आणि त्याला खोटं सांगितलं. तो वाट बघत होता आणि मी गेलो नाही. तो आता तुझ्याकडं आहे. माझी माणसं इथं आहेत. मला त्यांच्यात नीट वागू दे. आमेन.

बायको आमेन म्हणाली, पुतण्या म्हणाला. वहिनी म्हणाल्या नाहीत.

खरं सांगतो, मला ते बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी माफी अशा माणसापाशी पोचली होती, की ज्याला नाही म्हणता येत होतं.

तेव्हापासून दर वर्षी हीच प्रार्थना करतो. 2020 ला टाळेबंदी होती, मंडळी जमली नाही, तेव्हा वहिनींच्या ओट्याखाली उभा राहून केली. गेलेल्यासाठी मागावं की मागू नये, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. बायको मेणबत्ती लावते, मी लावू देतो. पण कबरीपाशी उभं राहणाऱ्या माणसाला मी एक विचारतो. इथून परत जाताना तुझ्या वाटेवर कुणाचं घर लागतं? तिथं गेला नाहीस, तर इथली प्रार्थना अर्धीच झाली.

वहिनी अजून आमेन म्हणत नाहीत. पण मागच्या वर्षी चुन्याची बादली त्यांनी घरून आणली, आणि कूच माझ्या हातात देताना म्हणाल्या, "धरा भाऊजी, तुमच्या बाजूचे दगड तुम्ही घ्या."